मधली सीट

"नुसतं जायचं तिकीट महाग पडेल, शिरीषभाई. जाऊन-येऊन घ्या, निम्म्यात काम होईल," नवीनभाई म्हणाले. "यायचं नसलं तर येऊ नका. उरलेलं तिकीट फाडून टाका."

"हे कसलं गणित?"

"विमानवाल्यांचं. शनिवारची रात्र तिकडे काढलीत तर तुम्ही फिरायला चाललात, म्हणून स्वस्त. नाही काढलीत तर धंद्याला चाललात, म्हणून महाग."

नवीनभाईंचं ऑफिस वेम्बलीत एका मिठाईच्या दुकानाच्या वर होतं. सगळं तारुण्य मुलुंडला गेल्यामुळे ते माझ्याशी हट्टानं मराठीच बोलायचे. लंडनहून बॉस्टनला जायचे पाच-सहा रस्ते त्यांनी माझ्यापुढे मांडले. आइसलँडला थांबणारं विमान सगळ्यात स्वस्त, डब्लिनवरून जाणारं त्याहून थोडं जास्त. एक नवीनच निघालेली कंपनी होती, तिचं भाडं कमी पण जेवण विकत. मी प्रत्येकाला मान हलवून नकार देत गेलो.

"मला शनिवारचं दुपारचं थेट विमानच हवंय," मी म्हणालो. "आणि त्यातही एक ठरावीक सीट. खिडकीची आणि मधली दिलेली आहे, तिच्या शेजारची कडेची."

नवीनभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणी खास?"

"आई-वडील. मुंबईहून येतायत, इथे विमान बदलून पुढे बहिणीकडे."

"अरे, मग तिघांचं एकत्रच काढायचं! गटाचं भाडं लावून दिलं असतं."

"मी येतोय हे त्यांना माहीत नाही."

नवीनभाईंच्या जिभेवर पुढचा प्रश्न आला होता, तो त्यांनी गिळला आणि मशीनकडे वळले.

ही एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची गोष्ट. तोपर्यंत बाबांशी मी अकरा वर्षं एक शब्द बोललो नव्हतो.

आम्ही कराडचे. बाबा, म्हणजे डॉक्टर सबनीस, गुरांचे डॉक्टर. पंचक्रोशीत अडलेली गाय सोडवायला रात्री-अपरात्री सायकल काढून जाणारे. घरात मात्र त्यांचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. घर आई चालवायची. कुणाच्या लग्नाला काय आहेर करायचा, कुणाशी संबंध ठेवायचे, कुणाशी तोडायचे, सगळं ती ठरवायची आणि बाबा "बरं" म्हणायचे. मी थोरला, मग चारू, आणि शेंडेफळ हेमू.

हेमू वीस वर्षांचा असताना गेला. ओगलेवाडीहून मोटरसायकलवर आम्ही दोघं परत येत होतो. मी चालवत होतो, तो मागे. संध्याकाळ झाली होती. वळणावर उसाची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा, ना लाल फडकं. पंचनाम्यात सगळा दोष ट्रॉलीवाल्याचा निघाला. माझं खांद्याचं हाड मोडलं. हेमू जागीच गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मला बाकावर बसवलं होतं. बाबा धावत आले. माझ्यासमोर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "तू वाचलास?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. तेराव्यानंतर आईनं मला मागच्या अंगणात गाठलं. "शिरू, तू थोडे दिवस लांब जा. ह्यांना तुझ्याकडे बघवत नाही. तू समोर आलास की ते जेवत नाहीत." मी पुण्याला गेलो, तिथून मस्कतला, तिथून लंडनला. फोन करायचो तो दुपारी, कारण आईनंच सांगितलं होतं, ते झोपलेले असतात तेव्हाच कर. "बाबांना दे ना एकदा," मी सुरुवातीला म्हणायचो. "नको रे. तुझं नाव काढलं तरी त्यांचं ब्लडप्रेशर चढतं." माझं लग्न रजिस्टर पद्धतीनं लंडनला झालं. वीणाकडची चार माणसं आली. माझ्याकडून चारू एकटी. मग सई झाली. आई फोनवर "बरं झालं" म्हणाली. मी विचारणंच सोडून दिलं.

चारूचं पोट दिसू लागलं त्या उन्हाळ्यात तिनं आई-बाबांना बॉस्टनला बोलवायचं ठरवलं. लग्नानंतर बारा वर्षांनी राहिलेला गर्भ, डॉक्टरांनी सांभाळायला सांगितलेलं. आणि त्यातच तिच्या डोक्यात हा बेत शिजला.

"दादा, ते लंडनवरून येतील असं बघते," ती फोनवर म्हणाली. "तू पुढच्या विमानात त्यांच्या शेजारी बस. सहा-सात तास! बाबा उठून जाणार कुठे? खाली समुद्र."

"आणि त्यांना काही झालं म्हणजे?"

"काही होत नाही. समोर आलास की विरघळतील. अकरा वर्षं झाली, दादा. माझ्या बाळाचा मामा आणि आजोबा एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे मला नको आहे."

पण लंडनचं तिकीट काही ठरेना. चारू दर दोन दिवसांनी फोन करून नवा पाढा वाचायची. आधी आई म्हणाली, ॲमस्टरडॅमवरून जाणारी कंपनी चांगली, तिथे शाकाहारी जेवण नीट देतात, जोशीकाकू जाऊन आल्यात. त्या विमानाचं भाडं वाढलं तेव्हा म्हणाली, मग फ्रँकफर्टवरून बघ, लंडनला फार चालावं लागतं म्हणे, ह्यांचे गुडघे. फ्रँकफर्टला रात्रभर थांबावं लागत होतं, तर म्हणाली, थांबू की, त्यात काय एवढं.

"गुडघे दुखतात म्हणून लंडन नको, आणि रात्रभर बाकावर बसायला तयार!" चारू हसत होती. "बिचारी घाबरलीय रे. बाबांना लंडनचं नाव काढलं की काय होईल, याचीच तिला धास्ती."

शेवटी चारूनं कुणाला न विचारता अमेरिकेतल्या एडिसन गावच्या एका एजंटाकडून लंडनचीच तिकिटं घेतली. सगळ्यात कमी भाडं त्यांचंच निघालं होतं आणि ती परत करता येणारी नव्हती. तिनं तसं घरी कळवलं. फोन बाबांनी उचलला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, लंडनवरून? चालेल की."

शनिवारी सकाळी हीथ्रोवर आतल्या दालनात मी वर्तमानपत्रांच्या स्टॉलमागे उभा होतो. दोघं येताना दिसले. बाबा किती बारीक झाले होते! पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात कुणीतरी दिलेलं मोठ्या मापाचं जाकीट. आई दोन पावलं पुढे, हातात दोघांचे पासपोर्ट, तीच ताठ मान. बाबा मात्र चालता चालता थांबत होते. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. आई मागे वळून त्यांची बाही ओढायची, की पुन्हा चालू लागायचे. मला वाटलं, म्हातारा माणूस, एवढी गर्दी कधी पाहिली नसेल. जाऊन पाया पडावं असं तीनदा वाटलं. पण चारूनं बजावलं होतं, विमान सुटेपर्यंत दिसू नकोस. मी स्टॉलमागेच राहिलो आणि सगळ्यात शेवटी विमानात चढलो.

बाबा खिडकीला कपाळ टेकवून बाहेर पाहत होते. आई मधल्या सीटवर पायाशी पिशवी सारत होती. कोणी परका शेजारी आला असं समजून तिनं कोपर आवरून घेतलं आणि मग वर पाहिलं.

त्या क्षणाची मी मनात अनेकदा उजळणी केली होती. ती तोंडावर पदर धरेल, तिचे डोळे भरून येतील, ती माझा हात हळूच दाबेल. तसलं काहीच झालं नाही. तिच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलं. चोरानं पोलिसाकडे पाहावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तू?" ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"चारूनं ठरवलं, आई."

"ऊठ." ती माझ्या कानाशी आली. "आत्ताच्या आत्ता ऊठ. दुसरीकडे बस जा. ह्यांनी बघितलं तर इथेच काहीतरी होऊन बसेल. गोळ्यासुद्धा वरच्या बॅगेत आहेत."

पस्तिशी ओलांडलेला, एका मुलीचा बाप असलेला मी निमूट उठलो. हवाई सुंदरीनं सांगितलं, विमान भरलंय, एकही सीट रिकामी नाही, कृपा करून बसा आणि पट्टा लावा. मी परत आलो. तेवढ्यात आईनं पदर डोक्यावरून घेऊन कानाशी असा ओढला होता, की मला बाबा आणि बाबांना मी दिसू नये.

विमान उडालं. बाबांना एका कानानं कमी ऐकू येतं आणि आमच्या बाजूला नेमका तोच कान होता. पाऊण तास मी आईच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो. अकरा वर्षांनी.

"सई पहिलीत गेली," मी हळूच म्हणालो.

"हं."

"नाक तुझ्यासारखं आहे. वीणा म्हणते..."

"गप्प बस. ऐकतील."

ती समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती. तिनं एकदाही मान वळवली नाही. मी स्वतःला समजावलं, भ्यालीय. आयुष्यभर दोघांच्या मधे उभी राहिलेली बाई आहे, तिला काय सुचणार.

मग जेवणाची गाडी आली. शाकाहारी जेवणं आधी वाटायची पद्धत असते. हवाई सुंदरीनं हातातल्या चिठ्ठ्या वाचून आमच्या रांगेपाशी तीन ताटं काढली आणि मोठ्यानं, हसून म्हणाली, "सबनीस, सबनीस आणि सबनीस! सगळं कुटुंब एकत्र चाललंय वाटतं?"

बाबांना इंग्रजी चांगलं कळायचं. ताट घेता घेता त्यांनी आईच्या पुढे वाकून डोकावलं. "अरे वा," ते म्हणाले, "तिसरे सबनीस कुठले?"

आणि त्यांना मी दिसलो.

ते ओरडतील, तोंड फिरवतील, छातीला हात लावतील, सगळ्याची मी तयारी ठेवली होती. बाबांचा खालचा ओठ लटलट कापू लागला.

"शिरू?"

"बाबा, मी... मी मागे उभा राहतो हवं तर."

त्यांनी हात पुढे केला. तिघांच्याही पुढ्यात ताटांच्या फळ्या उघडलेल्या होत्या. त्यांची बाही आईच्या वरणाच्या वाटीतून गेली. वाटी कलंडली. त्यांनी माझं मनगट पकडलं. आडदांड बैलाचा पाय धरणारी ती पकड, अजून तशीच होती.

"आलास?" ते म्हणाले. "बोलायला आलास? राग गेला तुझा?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"अहो, सदऱ्यावर सांडलंय," आई म्हणाली. "सोडा त्याला. जेवून घ्या, गार होतंय."

बाबांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. "लंडनला उतरल्यापासून बघतोय मी. म्हटलं, कुठे दिसतोस का. वेडेपणाच. एवढं मोठं गाव, तुला कळणार तरी कसं आम्ही आलोय ते. तरी बघत होतो."

"बाबा, माझा कसला राग?" मी म्हणालो. "तुम्ही माझं नाव घरात काढू देत नाही. माझ्याकडे बघवत नाही तुम्हाला. म्हणून तर मी..."

"कोण म्हणालं?"

मी पुढ्यातल्या ताटाकडे पाहिलं.

"मला बघवत नाही?" बाबा म्हणाले. "अरे, दर दिवाळीला मी हिला म्हणतो, फोन लाव त्याला. ही लावते, बोलते, आणि म्हणते, तो येत नाही. त्याला तुमच्याशी बोलायचं नाही. दवाखान्यात तुम्ही जे बोललात ते त्याच्या जिव्हारी लागलंय, त्याला वेळ द्या. मी वेळ दिला. किती द्यायचा?"

"दवाखान्यात तुम्ही विचारलंत, तू वाचलास म्हणून."

"हो, विचारलं!" बाबांचा आवाज चढला. पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. "विचारणार नाही? मला निरोप मिळाला तो दोन्ही पोरं गेली असा. दोन्ही! पळत आलो आणि बघतो तर तू बाकावर बसलेला. देवाचे पाय धरावे तसं वाटलं रे मला. 'तू वाचलास' एवढंच निघालं तोंडातून. दुसरं काय निघणार?"

आमच्या दोघांच्या मधे आई बसली होती. ताट पुढ्यात, फळी खाली, खिडकीकडे बाबा, वाटेकडे मी. तिला उठून जायलाही जागा नव्हती. तिनं सांडलेलं वरण कागदी रुमालानं पुसायला घेतलं. रुमाल भिजून लगदा झाला, तरी पुसतच होती.

"सईलासुद्धा भेटावंसं वाटलं नाही तुम्हाला?" माझ्या तोंडून गेलं.

"कोण सई?"

मी आईकडे पाहिलं. बाबांनीही.

"कोण सई, शिरू?"

"माझी मुलगी. सहा वर्षांची आहे."

बाबांनी माझं मनगट सोडलं. दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत राहिले. सहा वर्षं त्यांना नात होती आणि ते त्यांना माहीत नव्हतं. चारूला "बाबांपुढे दादाचं नाव काढायचं नाही" अशी शपथ होती. मामा-मावशांना तीच तंबी होती. गावात विषय निघाला तर आई तो वळवायची. सगळं घर, सगळं गणगोत तिनं एकटीनं असं सांभाळलं होतं.

"विमल," बाबा म्हणाले. आमच्यासमोर ते तिला कधी नावानं हाक मारत नसत. "हा काय म्हणतोय?"

आई पुसायची थांबली.

"खरं म्हणतोय," ती म्हणाली. "मीच."

"काय मीच?"

"मला बघवत नव्हतं." ती दोघांकडेही न बघता, समोरच्या सीटच्या पाठीला सांगावं तसं बोलत होती. आवाज अगदी सपाट. "हेमूला आणलं तेव्हा ओसरीत हा उभा होता. खांद्याला प्लास्टर. मला वाटलं, ह्याच्या जागी... तेरा दिवस तेच वाटत होतं. सकाळी उठले की तेच. हा 'आई, चहा' म्हणायचा आणि माझ्या पोटात आग पडायची. पोटच्या पोराबद्दल असं वाटतं, हे आईनं कुणाला सांगायचं? ह्याला सांगू? तुम्हाला सांगू? तुम्ही काही बोलतच नव्हता. म्हणून तुमचं नाव घेतलं."

"माझं नाव घेतलंस," बाबा म्हणाले.

"बापाचा राग लोक समजून घेतात. आईचा नाही."

"आणि नंतर? एक वर्ष झालं, दोन झाली. नंतर का नाही सांगितलंस?"

"नंतर सांगण्यासारखं काय उरलं होतं? एकदा खोटं बोलले, ते सांभाळत गेले."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. राग यायला हवा होता. डोक्यात नुसता विमानाचा घुमारा भरून राहिला होता. अकरा वर्षं जिच्या दुपारच्या फोनवर मी जगलो, घरात माझी बाजू घेणारं एकच माणूस आहे असं ज्या माणसाबद्दल मी बायकोला सांगत आलो, ते माणूस माझ्या शेजारी बसून हे बोलत होतं. पाव, भाजी, कसलीशी पिवळी खीर समोर होती. मी खिरीत चमचा घातला आणि एक घास खाल्लासुद्धा. का खाल्ला, मला माहीत नाही.

"आणि आता?" मी विचारलं. "आता बघवतं?"

तिनं हातातला लगदा ताटाच्या कडेला ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

बाबांच्या घशातून एक आवाज आला. मी दचकून पाहिलं, त्यांना काही होतंय की काय. ते रडत नव्हते. ते तिच्याकडे, आपल्या बायकोकडे, अनोळखी बाईकडे पाहावं तसं पाहत होते.

"अकरा वर्षं," ते म्हणाले, "तू माझ्यासमोर बसून जेवलीस. मी अंगणात उभा राहून पोस्टमनची वाट बघायचो, ते तू बघत होतीस. आतून बघत होतीस."



ताटं नेली. बाबांनी आपली फळी वर केली, आईचीही केली. "ऊठ. मला मधे बसू दे."

मी वाटेत उभा राहिलो. आई बाहेर आली. बाबा सीटच्या पाठी धरत, गुडघे सावरत बाहेर आले. मग आई आत खिडकीशी गेली, बाबा मधे बसले आणि मी त्यांच्या शेजारी. ती अदलाबदल चालू असताना आईचा आणि माझा खांदा घासला. तिनं अंग चोरून घेतलं.

पुढचे सगळे तास बाबांनी माझा हात सोडला नाही. सई काय खाते, मराठी बोलते का, वीणाचे वडील काय करायचे, लंडनला गाई असतात का, त्यांना आमच्याकडच्यासारखाच लाळ्या-खुरकूत होतो का. मी सांगत होतो. माझ्या पाकिटात सईचा शाळेतला फोटो होता, तो त्यांनी चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून पाहिला, मग चष्मा लावून पाहिला. मग शेजारी आईच्या दिशेनं हात पुढे केला, अर्ध्यावर थांबले, आणि फोटो मला परत दिला.

एकदाच, खाली पांढरे ढग आणि त्यांच्या फटीतून समुद्र दिसत असताना, ते मला विचारू लागले, "खांदा धरतो का रे थंडीत?" मी म्हणालो, "धरतो." ते म्हणाले, "तिळाचं तेल लावत जा." एवढंच. हेमूबद्दल आम्ही काही बोललो नाही. आई शेवटपर्यंत खिडकीला लागून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

बॉस्टनला विमान उतरलं तेव्हा स्वच्छ ऊन होतं. सामान घेऊन आम्ही काचेच्या दारातून बाहेर आलो. ट्रॉली मी ढकलत होतो, बाबांचा हात माझ्या पाठीवर होता, आई चार हात मागे. चारू कठड्यापाशी उभी होती, एवढं मोठं पोट घेऊन. तिनं मला आणि बाबांना असं बघितलं आणि भर गर्दीत टाळ्या वाजवल्या.

"बोललात! दोघं बोललात ना?" ती बाबांच्या गळ्यात पडली, माझ्या पडली, मग आईकडे धावली. "बघ! बघ आई, मी म्हणत नव्हते? तू उगीच जीव मुठीत धरून बसली होतीस. किती सांभाळलंस ग बाई ह्या दोघांना इतकी वर्षं! झालं का काही बाबांना? ओरडले का?"

आई उभी राहिली. तिनं बाबांकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे. मी ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला होता. आता बाबा बोलतील. बोलायलाच हवं होतं. त्यांचा हक्क होता, माझाही होता, आणि चारूलाही कळायला हवं होतं, तिनं कुणाच्या गळ्यात हात टाकलाय ते. बाबांचा हात माझ्या पाठीवर घट्ट झाला, मग सैल पडला.

"नाही ग," बाबा चारूला म्हणाले. "कशाला ओरडेन? ती उगीच घाबरत होती."

चारू खळखळून हसली. "मला माहीतच होतं!"

आणि आईनं तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, बसकण मारली. सुटकेसवर बसायला गेली, सुटकेस घसरली, आणि ती सरळ फरशीवर बसली. तिनं हंबरडा फोडला. हेमूला नेलं त्या दिवशी सगळ्या आळीनं वाट पाहिली होती की ही बाई आता रडेल, मग रडेल, आणि ती दगडासारखी उभी राहिली होती. त्या दिवशी जे फुटलं नव्हतं ते इथे, परक्या मुलखात, काचेच्या दारापाशी फुटलं. लोक थबकले. एक पोलीस जवळ आला. चारू वाकू शकत नव्हती. ती सगळ्यांना सांगत होती, "काही नाही, काही नाही, आनंदानं रडतेय. खूप वर्षांनी भेटलेत सगळे."

बाबा जागचे हलले नाहीत. त्यांना तिला वाचवायचं होतं तेवढं त्यांनी वाचवलं होतं. त्यापुढे त्यांना जमत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मलाही जमत नव्हतं. पण कुणीतरी तिला उठवायला हवं होतं. मी ट्रॉली सोडली आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. "आई, ऊठ" एवढंच म्हणालो.

तिनं वर पाहिलं नाही. खाली मान घालूनच, चाचपडत हात पुढे केला. माझ्या पँटीचं कापड तिच्या मुठीत आलं, तेच तिनं गच्च धरून ठेवलं.